प्रोसेसरवर नाव कुठं घालायचं?

“सगळं पटलं हो हेमाताई. पण त्या प्रोसेसरवर नाव कुठं घालायचं?”

बापूसाहेब घोलपांनी हे विचारलं आणि माझा पोह्यांचा चमचा तोंडाशी येऊन थांबला. बापूसाहेब म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे तहहयात अध्यक्ष. वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट एका लोखंडी कपाटात कुजत पडल्या होत्या. त्यांना बुरशी धरली होती, आणि पावसाळा लागायच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या म्हणून कार्यकारिणीची सभा बोलावली होती. माझा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ आहे, म्हणून मला तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं. तज्ज्ञ म्हणजे कोण, तर ज्याचं सगळं ऐकून घ्यायचं, त्याला पोहे द्यायचे आणि मग आपल्या मनात असेल तेच करायचं. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली, तरी ती सभा आठवली की माझं डोकं फिरतं.

मी बापडी घसा कोरडा करून सांगत होते. “हे बघा, कॅसेट चालू असताना चित्र आत घ्यायचं आणि घेता घेताच ते नव्या पद्धतीत बदलायचं, याला म्हणतात ट्रान्सकोडिंग. मोठी पंगत आहे असं समजा. प्रोसेसर म्हणजे आचारी, तो दमदार पाहिजे. रॅम म्हणजे ओटा, तो ऐसपैस पाहिजे. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे आचाऱ्याच्या हाताखालची माणसं. या चार गोष्टींत हात आखडू नका. डबा, पडदा, कीबोर्ड कसलेही चालतील. मांडव कसा होता ते चार दिवसांत लोक विसरतात, भाजी करपली तर मात्र गावभर बोंब होते.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोतदार सराफ तर “वा, काय समजावलंत!” असंही म्हणाले. आणि मग बापूसाहेबांनी तो प्रश्न विचारला.

तुम्ही आमच्या वाचनालयात कधी आला नसाल म्हणून सांगते. तिथं नाव नाही अशी वस्तू नाही. खुर्च्यांच्या पाठीवर नावं, पाण्याच्या टाकीवर नाव, पायरीवर नाव. पंख्यांच्या पात्यांवर तांबड्या रंगात सगळे कैलासवासी, आणि पंखा बंद केल्याशिवाय कोण वारलंय ते वाचता येत नाही. बायकांच्या मुतारीला दार नव्हतं कित्येक वर्षं. शेवटी बसलं, तेही एका काकूंच्या पुण्यस्मरणार्थ. संस्थेजवळ स्वतःचं काही नाही. दाता आला तर वस्तू येते, आणि नाव दिसणार असेल तरच दाता येतो.

“प्रोसेसर डब्याच्या आत असतो,” मी म्हटलं. “काड्यापेटीएवढा. त्याच्यावर नाव नाही घालता येत. त्याच्यावर पंखा बसतो.”

“पंखा?” बापूसाहेबांचा चेहरा उजळला. “मग अडलंय कुठं? पंख्यावर नाव घालायची तर आपल्याकडं पद्धतच आहे!”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण या माणसानं आयुष्यात कधी चेष्टा केलेली नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत शकुंतलाबाई वाळिंबे बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण ताठ. मराठी शाळेत त्यांनी निम्म्या गावाला शिकवलेलं, बापूसाहेबांनासुद्धा. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं त्यात त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून जवळ कायम पाटी-पेन्सिल. त्यांनी पाटीवर काहीतरी खरडलं आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

‘रेग्युलेटर कोण देणार?’

मला हसू आवरेना. बापूसाहेबांनी चष्मा सावरून पाटी वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, “त्याचंही बघू, बाई.”

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या स्टुडिओत आल्या. मी एका वरातीतला नाच कापत बसले होते. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या आणि लिहिलं, ‘त्या कपाटात माझी एक कॅसेट आहे.’

ती हकिकत गावात सगळ्यांना पाठ होती. एका वर्षी पुण्याचे कोणी नामवंत वक्ते आयत्या वेळी आलेच नाहीत. सभागृह भरलेलं, काय करणार? पहिल्या रांगेत बसलेल्या शकुंतलाबाईंना लोकांनी उभं केलं. ना विषय, ना तयारी. बाई अशा बोलल्या की लोक अजून नाव काढतात. मी तेव्हा परकरी पोर, मला काही आठवत नाही.

“बाई, तुमचा आवाज दुसऱ्या कशातच नाही? घरी कुणी टेप केला नाही कधी?”

त्यांनी भराभर लिहिलं. ‘दिवसभर बडबडणाऱ्या बाईला कोण टेप करतं? गप्प बस म्हणायचे.’

मी हसले. बाई हसल्या नाहीत. पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागल्या. ‘आधी मनातल्या मनात बोलले की माझा आवाज ऐकू यायचा. आता तोही येत नाही. कसा होता ते विसरले गं. एकदा ऐकायचाय.’

मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यांच्याकडं वळून बसले.

“बाई, मी कपाट बघितलंय. बुरशी फार आहे. तुमची कॅसेट एकदाच चालेल, दुसऱ्यांदा फिरेलच असं नाही. त्यामुळं लावली की तेव्हाच उतरवून घ्यायची. मी घेते, माझ्याच मशीनवर. एका दुपारचं काम आहे.”

आणि तशीच उठून मी बापूसाहेबांकडं गेले. ते ओसरीवर निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तपासत बसले होते. कॉम्प्युटरचा अजून पत्ता नव्हता, पण उद्घाटनाची पत्रिका तयार होती.

“कॅसेट वाचनालयाच्या बाहेर जाणार नाही,” बापूसाहेब म्हणाले. “तसा ठरावच आहे.”

“बरं, मग मी मशीन वाचनालयात आणते.”

“खासगी मशीन? आणि दात्यांना काय तोंड दाखवू? अहो, पोतदारांनी डबा कबूल केलाय. काचेचा! आत दिवे लागतात म्हणे.”

“काचेचा कशाला?”

“आतल्या पंख्यावरचं नाव दिसायला नको?”

मी कपाळावर हात मारून घेतला. “बापूसाहेब, त्या बाईंचं वय बघा. ती कॅसेट आज आहे, उद्या नाही. त्यांना फक्त स्वतःचा आवाज ऐकायचाय हो.”

“म्हणून तर!” ते उत्साहानं म्हणाले. “त्यांचीच कॅसेट पहिली लावायची. उद्घाटनाला, पाहुण्यांच्या हस्ते. सगळ्या गावासमोर. बाईंचा केवढा मान होईल!”

कपाटाची किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. बोलता बोलता त्यांचा हात तिथं गेलाच. मी परत येऊन बाईंना म्हटलं, “उद्घाटनाला कॅसेट लावणार नाही म्हणून सरळ सांगते त्यांना. कुलूप तोडू.” बाईंनी लिहिलं, ‘जमेल तसं घे. मला वाद नको, आवाज हवाय.’ म्हणून मी कुलपाचा नाद सोडला.

यथावकाश कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, मांडव आला. काचेचा डबा, आत निळे-जांभळे दिवे, एखाद्या ऑर्केस्ट्रात शोभावा असा. पडदे दोन, कारण कदम बंधूंचं आपसात पटत नाही आणि एकानं दिला म्हटल्यावर दुसरा मागं राहील होय? मंडपवाल्या जाधवांनी माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर दिले. कीबोर्डवर एक नाव. माऊसवर कुणाचे तरी आजोबा होते, त्यांच्यावर हात ठेवायला जीव धजेना.

“आणि आचारी कुठाय?” मी विचारलं.

“आहे की आत,” बापूसाहेब म्हणाले. “दुकानदार म्हणाला, टायपिंगला एकदम झकास आहे.”

“टायपिंगला! आणि ग्राफिक्स कार्ड?”

“त्याला दाता मिळाला नाही अजून. मिळाला की बसवू.”

हार्ड डिस्क एकच, तीही एवढीशी. चित्र आहे तसं साठवून मग सावकाश बदलावं म्हटलं तर तेवढी जागाच नव्हती. त्यामुळं कॅसेट चालू असतानाच सगळं बदलायचं होतं, तेही त्या टायपिंगवाल्या आचाऱ्याच्या जिवावर. मी काचेतून आत डोकावले. प्रोसेसरवरच्या तळहाताएवढ्या पंख्याच्या पात्यांवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, ‘कै. गोदूबाई’. आडनाव मावलं नव्हतं.

“पेंटरनं दोन हात दिलेत,” बापूसाहेब कौतुकानं म्हणाले.

पण खरा कहर पुढच्या बाजूला होता. डब्याला पुढून बारीक जाळी असते, तिच्यातून गार हवा आत जाते. त्या अख्ख्या जाळीवर सगळ्या दात्यांच्या नावांची पितळी पाटी स्क्रूनं ठोकून बसवली होती. हवेला चोरवाटही ठेवली नव्हती.

“ही आधी काढा,” मी म्हटलं. “आत हवा जाणार नाही. तापलं की हे यंत्र आपणहून बंद पडतं.”

“पाहुणे गेले की काढू. तोवर हवेचं काय, मागनं जाईल.”

“बापूसाहेब, मी पाया पडते तुमच्या.”

“अहो, उद्घाटन त्या पाटीचं आहे!”

हे बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं, पण माघार घेतील ते बापूसाहेब कसले.

उद्घाटन ऐन मे महिन्यात, भर दुपारी. पाहुणे म्हणून एका पतसंस्थेचे चेअरमन आलेले. डब्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी त्याच्यावर शिंपडायला निघाले होते, मी मध्ये आडवी झाले म्हणून वाचलं. बाई पहिल्या रांगेत. नवी इरकल नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या, आणि पाटी-पेन्सिल आणलीच नव्हती. मी खुणेनं विचारलं तर त्यांनी स्वतःच्या कानाकडं बोट केलं. आज फक्त ऐकायचं, असं सांगत होत्या.

व्हीसीआर मी माझा आणला होता, धुऊनपुसून. पाहुण्यांनी बटण दाबलं. दोन्ही कदमांच्या पडद्यांवर मुंग्या आल्या आणि मुंग्यांतून चित्र आलं. काळ्याभोर केसांचे, सडपातळ बापूसाहेब! तेव्हा ते वाचनालयाचे सचिव होते आणि प्रास्ताविक करत होते. लोकांनी टाळ्या पिटल्या. पडद्यावरचे बापूसाहेब दात्यांचे आभार मानत होते आणि स्टेजवरचे बापूसाहेब छातीवर हात ठेवून ते स्वीकारत होते. खुर्च्यांचे आभार, माइकचे आभार, सतरंजीचे आभार. आभार काही संपेनात. पहिल्या रांगेत बाई पुढं वाकून बसल्या होत्या, हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून.

तेवढ्यात आत गोदूबाई घरघरायला लागल्या. आधी हळू, मग कण्हल्यासारख्या. मी काचेला हात लावला तर तव्यासारखी तापलेली.

“पाटी काढा!” मी ओरडले. “स्क्रू ड्रायव्हर आणा कुणीतरी!”

“नावं होऊ द्यात,” बापूसाहेब पडद्याकडं बघतच म्हणाले. “थोडीच राहिलीत.”

पडद्यावर बापूसाहेबांचा उघडा जबडा दिसला आणि चित्र तिथंच गोठलं. आवाज बंद झाला. मी व्हीसीआरकडं धावले, आणि जरा वेळात निळे-जांभळे दिवेही गेले. सगळंच गप्प. मी कॅसेट थांबवली. बाईंचं भाषण अजून सुरूही झालं नव्हतं. म्हणजे अजून काही बिघडलेलं नव्हतं.

“कुणी हात लावू नका,” मी सगळ्यांना बजावलं. “कॅसेट जिथं आहे तिथंच राहू दे. पाटी काढते, मशीन गार होऊ दे, मग इथूनच पुढं लावू.” आणि मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला मागच्या खोलीत गेले.

परत आले तोवर फोटोग्राफरनं बापूसाहेबांच्या कानात सांगितलं होतं, की पाहुणे बटण दाबतानाचा फोटो नीट आला नाही. “मग पहिल्यापासून घेऊ की,” असं म्हणत बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं रिवाइंडचं बटण दाबलं.

कर्रर्र आवाज आला आणि फट्कन काहीतरी तुटलं. मी व्हीसीआर उघडला. फीत चाकाला गुंडाळून फाटली होती. पुढची सगळी एकमेकीला चिकटलेली, सोडवायला गेले तर काळी पूड हाताला लागली. त्या पुडीत बाईंचं भाषण होतं.

“असू दे,” बापूसाहेब म्हणाले. “दुसरी लावू. कपाट भरलंय.”

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. “आता गोदूबाईंशेजारी तुमचंही नाव घाला, जागा नसली तर दुसरा पंखा मी देते,” एवढंच त्यातलं सभ्य होतं. पाहुणे घाम पुसत उठले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा हात गळ्याशी गेलेला, ऑपरेशनच्या जागेवर. मग त्या उठल्या आणि कुणाकडं न बघता बाहेर गेल्या. मला तिथंच, सगळ्यांसमोर रडू फुटलं. संतापानं म्हणा, दुःखानं म्हणा, दोन्हीनं.

दुसऱ्या दिवशी मी ती हार्ड डिस्क काढून घरी नेली. डिस्क बाहेर न्यायची नाही असा ठराव अजून झालेला नव्हता. फाइल अर्धवट तुटलेली होती. ती दुरुस्त करायची म्हणजे किचकट काम, पण हट्टानं बसले. काय वाचलं असेल सांगा बरं? बापूसाहेबांचं प्रास्ताविक! खुर्च्या, माइक, सतरंजी, सगळं खणखणीत. मी शिव्या घालत ऐकत होते. तो उघडा जबडा आला. तिथं संपणार म्हणून मी हात पुढं केला, तर जबडा हलला.

पडद्यावरचं चित्र गोठलं होतं, पण आत रेकॉर्डिंग थोडा वेळ चालूच राहिलं होतं. बापूसाहेब म्हणत होते, “तसेच चहाच्या साखरेबद्दल...” आणि खालून, माइकशिवाय, पण अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असा एका बाईचा आवाज आला.

“बापू, पुरे आता. बस खाली.”

लोक खो खो हसले आणि फाइल संपली.

मी तशीच लॅपटॉप काखेत मारून बाईंच्या घरी गेले. काही सांगितलं नाही, त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. आणखी एकदा. मग त्यांनी पाटी ओढली.

‘मी एवढी कडक होते?’

“होता म्हणजे? आहातच.”

‘छान आहे गं आवाज.’ एवढं लिहून त्यांनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. सगळं भाषण गेलं होतं, आणि हाती काय लागलं तर बापूसाहेबांना दिलेला दम. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि लिहिलं, ‘हे मोबाइलमध्ये घालून दे. बटण कुठलं ते दाखव.’

पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला सुरू झाली त्या दिवशी मी बाईंच्या शेजारीच बसले होते. काचेचा डबा स्टेजवर हार घालून ठेवलेला, दिवे चालू. त्याच्यावर वर्षभरात एकही कॅसेट उतरली नव्हती. बापूसाहेब प्रास्ताविकाला उभे राहिले. गतवर्षीचा कॅसेट प्रकल्प कसा यशस्वी झाला ते सांगून झालं. मग दात्यांची नावं सुरू झाली. मग वाचनालयाला एसी बसवायचा आहे, त्याच्या पुढच्या भागावर किती मोठी अक्षरं मावतील, हे सुरू झालं. वक्ते खुर्चीत घड्याळाकडं बघत होते. मागं लोकांची चुळबुळ चाललेली.

बाई उठल्या. सावकाश चालत, प्रश्न विचारणाऱ्यांसाठी खाली एक माइक ठेवतात तिथं गेल्या. पिशवीतून मोबाइल काढला, डोळ्यांशी नेऊन बटण शोधलं आणि मोबाइल माइकपुढं धरला.

“बापू, पुरे आता. बस खाली.”

जाधवांच्या माणसाएवढ्या स्पीकरमधून आवाज सभागृहभर घुमला. कुणी हसलं नाही. मागच्या रांगांमधले पन्नाशी-साठीचे लोक, शाळेतून बाईंचा मार खाऊन बाहेर पडलेले, खुर्चीत सरळ होऊन बसले. बापूसाहेबांचा हात हवेतच राहिला. त्यांनी खाली बघितलं. बाई माइकपुढं उभ्या होत्या, मान ताठ, नजर त्यांच्यावर.

“हो, बाई,” बापूसाहेब म्हणाले, आणि खाली बसले.